निळ्या दोऱ्याची तुरपाई

दिल्लीतल्या करोल बागेहून येणारी नोकरदारांची चार्टर्ड बस संध्याकाळी सव्वासातला इंदिरापुरमच्या वळणावर थांबायची. त्या गुरुवारी ती आलीच नाही. साडेआठच्या सुमाराला दुसरीच एक बस आली, तिच्यातून रोजची माणसं मफलर गुंडाळत उतरली आणि आपापल्या सोसायट्यांकडे गेली. निलोफर मणेर त्यांच्यात नव्हती.

जानेवारी २००६. धुकं असं, की चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून तिच्या आईला, मेहरूनला, फाटकावरचा दिवाही धड दिसत नव्हता. निलोफरचा मोबाइल बंद येत होता. ऑफिसातून, म्हणजे करोल बागेतल्या विमान-तिकिटांच्या ऑफिसातून, ती नेहमीच्या वेळी निघाली होती. सिकंदर मणेरांनी कोट चढवला आणि ते खाली गेले.

सिकंदर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मूळचे कागलचे. तीस वर्षं सरकारी क्वार्टरात काढून दोन वर्षांपूर्वी या नव्या इमारतीत राहायला आलेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. वाटेत बंद पडलेली नेहमीची बस ओढून आणली होती आणि सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली होती. कंडक्टर हरिदास तिच्यापाशी बिडी ओढत होता. सिकंदरांनी पाकिटातला फोटो त्याच्यासमोर धरला. चुलतबहिणीच्या लग्नातला होता. मोकळे केस, त्यात गजरा, हसरा चेहरा.

हरिदासनं लायटर पेटवून फोटो पाहिला. "साहब, ये लड़की हमारी सवारी नहीं है."

"रोज इसी बस से आती है."

"कभी नहीं देखी. कसम से."

सिकंदर वर आले आणि बुटांसकट पलंगावर बसले. "मेहरून, आठ महिने ती बसचे पैसे नेतेय माझ्याकडून. तो माणूस म्हणतो, ती बसमध्ये चढलीच नाही कधी. मग ही पोरगी रोज जात होती कुठं?"

मेहरूनला उत्तर ठाऊक होतं. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. आधी चौकीत जाऊन येऊ, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं.

चौकी सोसायटीच्या मागेच होती. हेड कॉन्स्टेबल हीटरवर हात शेकत बसला होता.

"नाम?"

"निलोफर मणेर."

"मणेर? ये कौन होते हैं?"

"मुसलमान. महाराष्ट्र से."

"अच्छा? आप लोग लगते नहीं."

हे वाक्य सिकंदर दिल्लीत पहिल्या दिवसापासून ऐकत आले होते. इतर वेळी ते त्यावर हसायचे.

"बुरका-वुरका पहनती थी?"

"हमारे घर में बुरका नहीं चलता," सिकंदर म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. "पीला स्वेटर, कत्थई सलवार-कमीज़, बाल खुले. लिखिए."

हेड कॉन्स्टेबलनं लिहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "बस में जाती नहीं थी, घर पे बोलती थी बस में जाती हूँ. समझ रहे हैं ना, साहब? दो दिन रुकिए. फोन आ जाएगा, शादी कर ली."

मेहरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत डोक्यावरचा पदर सावरत बसली होती. नवऱ्यानं "नहीं चलता" म्हटलं तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. ते बोलून झालं होतं, आणि लिहूनही झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात निलोफर एकदा डोक्याला स्कार्फ बांधून जेवायला बसली. रविवारी ती ओखल्याच्या मुस्लिम वस्तीत बायकांच्या कुराणाच्या वर्गाला जायची. सिकंदरांना त्याचं काही नव्हतं, पण स्कार्फ पाहिला आणि त्यांनी घास ताटात ठेवला.

"माझी आई कागलच्या गल्लीबोळांतून पाटीभर बांगड्या घेऊन हिंडली. ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, महाराच्या, सगळ्यांच्या बायकांचे हात तिनं हातात घेतले. डोईवर पदर होता, बस्स. बुरखा घालून बसली असती तर बांगड्या कुणी भरल्या असत्या? ती काय कमी मुसलमान होती?"

"कमी कशाला असेल अब्बा? पण पदर घ्यायचा हे दादीमानं स्वतः ठरवलं ना?"

"तुला कोण शिकवतंय हे? त्या ओखल्याच्या बाया?"

"कुराणात आधी पुरुषांना सांगितलंय, नजर खाली ठेवा म्हणून. बायकांचं त्याच्या नंतर येतं. ते कुणी शिकवत नाही, ते मी वाचलं."

"माझ्या घरात हे थोतांड नको, निलू."

"बरं," ती म्हणाली आणि स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला. सिकंदरांना वाटलं, विषय मिटला.

महिन्याभरानं डब्याची पिशवी धुवायला घेतली तर तळाशी काळा बुरखा निघाला. खालचा काठ चिखलानं माखलेला, एका जागी फाटलेला. मेहरून तो हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिली. निलोफर मागे येऊन म्हणाली, "बसच्या पायरीत अडकतो गं. लांब झालाय."

मग तिनं सगळं सांगितलं. तळमजल्याच्या जिन्याखाली, स्कूटरच्या मागे ती तो चढवायची, बस धरली त्या पहिल्या दिवसापासून. ऑफिसात पोचल्यावर बाथरूममध्ये काढायची, कारण काउंटरवर चेहरा हवा. येताना पुन्हा तेच. घर आणि ऑफिस या दोन्ही टोकांना निलोफर सगळ्यांना माहीत होती. मधल्या रस्त्यावर तिचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता.

"अब्बांना कळलं तर?"

"घरात नाही घालत ना मी."

"कशाला हवंय बाई हे?"

"बरं वाटतं. नमाज पढल्यावर वाटतं तसं. आणि बसमध्ये कुणी खेटत नाही, हेही आहे."

मेहरूननं तो धुतला, वाळवला आणि दुपारी नवरा कचेरीत असताना काठ आत दुमडून तुरपाई घातली. शेवटच्या वितीला काळा दोरा संपला, म्हणून तिनं निळा घेतला. निलोफरनं उलटून पाहिलं आणि हसली. "अम्मा, कारीगर आहेस की चोर?"

"कोण वाकून बघणारे?"

दिवाळीच्या तोंडावर पहाडगंजला आणि सरोजिनी नगरला स्फोट झाले, तेव्हा मात्र मेहरूननं हात जोडले होते. आता नको घालूस, लोक बघतात. निलोफर म्हणाली, "लोक आधीही बघतच होते, अम्मा. आता वेगळं बघतात, एवढंच." आणि ती तशीच जात राहिली.

शुक्रवारी सकाळी सिकंदर करोल बागेला चौकशीला गेले. मेहरून एकटीच प्लॉटवर उतरली. हरिदास वर्तमानपत्राच्या बोळ्यानं काच पुसत होता.

"भैया, वो काले बुरके वाली, जो रोज यहीं उतरती है. वो कल थी?"

त्याचा हात थांबला. "पिछली सीट वाली मैडम? जी, थी. वो आपकी कौन?"

"बेटी."

हरिदासनं बोळा खाली टाकला. मग जे बोलला ते जमिनीकडे बघत. काल कालव्याच्या रस्त्यावर बस बंद पडली. पुढचं काही दिसत नव्हतं. मागून दुसरी चार्टर्ड आली, तिला हात करून थांबवलं आणि सगळी सवारी तिच्यात चढवली. निलोफर शेवटी होती. दारात उभा असलेला कुणी म्हणाला, बॅग उघडून दाखव. तिनं उघडली. डबा होता, चपलांचा जोड होता. मग दुसरा म्हणाला, चेहरा दाखव. ती म्हणाली, तुम्ही कोण? तेवढ्यात आतून आरडाओरडा सुरू झाला, चलो यार, चलो, और भी गाड़ियाँ हैं, आणि बस निघाली.

"और आप?"

"बैग खुली तब तक वहीं था, फिर ड्राइवर के साथ बोनट खोल रहा था, आवाज़ें सुनाई दे रही थीं. पीछे मुड़ा तो मैडम आगे पैदल जा रही थी. मैंने आवाज़ दी थी, भाभीजी. सच में दी थी."

मेहरून वर आली. सिकंदर परतले तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं, ते पिऊन होऊ दिलं आणि सगळं सांगितलं. जिना, पिशवी, तुरपाई, बस.

सिकंदर खुर्चीवर आखडून बसले. "तू शिवलास?"

"मी."

"रात्री चौकीत माझ्या शेजारी बसून माझं बोलणं ऐकत होतीस."

"हो."

"आता तिथं काही बोलू नकोस."

"अहो, ते पिवळा स्वेटर शोधताहेत. त्या रस्त्यावर पिवळा स्वेटर कुणी पाहिलाच नाही."

"स्फोटांना तीन महिने नाही झाले, मेहरून! बापाला न सांगता बुरखा, ओखल्याचा वर्ग, बाप सरकारी नोकर. ते पोरगी शोधायची सोडून काय काय शोधत बसतील, कळतंय का तुला? मला अशा चौकशांचे कागद रोज दिसतात."

"कळतंय," मेहरून म्हणाली. "पण आता तरी शोधतायत कुठं? ते फोनची वाट बघतायत."

ती शेजारच्या अलकनंदाताईंना घेऊन निघाली. अलकनंदाताई पुण्याच्या, मनानं चांगल्या. चौकीच्या वाटेवर त्यांनी मेहरूनचा हात धरला होता आणि तो धरूनच त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तर अगदी आमच्यातल्याच. तुमच्याकडे हे बुरख्याचं कुठून आलं हो?" मेहरूननं हात सोडवून घेतला.

हेड कॉन्स्टेबलनं ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीतून साहेबांना बोलावलं. मग पेन चालू लागलं. बुरखा केव्हापासून? कुणी दिला? ओखल्याच्या वर्गात कोण कोण येतं? पासपोर्ट आहे का? तिकिटाच्या ऑफिसात काम करते, म्हणजे विमानांची माहिती असेल?

"साहेब, कालव्याचा रस्ता," मेहरून मध्येच म्हणाली. हिंदी सुचेना. "नहर वाली सड़क. पहले वहाँ देखिए."

"देखेंगे. पहले ये बताइए, घर से छुपाया क्यों?"

दारात सिकंदर उभे होते. केव्हा आले ते तिला कळलं नाही.

"साहब, आप तो कह रहे थे, नहीं चलता," हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

"मुझे मालूम नहीं था," सिकंदर म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी दोन शिपाई ओखल्याला गेले. वर्ग घेणाऱ्या बाईंना उशिरापर्यंत बसवून ठेवलं. कालव्याच्या रस्त्यावर मोटरसायकल गेली ती शनिवारी, ऊन पडल्यावर.

बुरखा सापडला तो पुलाच्या कठड्याआड. बस बंद पडली तिथून फार लांब नाही. घडी घातलेला होता. बाह्या आत, वर एक वीट. दवानं ओला झाला होता. चौकीच्या टेबलावर मेहरूनसमोर तो उलगडला गेला तेव्हा तिनं खालचा काठ बोटांनी चाचपत नेला. काळा दोरा, काळा, काळा. मग वीतभर निळा.

"मेरा सिया हुआ है," ती म्हणाली.

साहेब आता नरमाईनं बोलत होते. "देखिए बहनजी, कपड़ा तह करके रखना, ऊपर ईंट, नीचे नहर. ऐसे केस हमने देखे हैं."

"जिन्याखाली ती अशीच घडी घालायची," मेहरून नवऱ्याला मराठीत म्हणाली. "रोज. बाह्या आत. घरी येण्याआधी. बॅगेत ठेवला नाही, कारण कुणी पुन्हा बॅग उघडली तर. उद्या येऊन घेणार होती."

सिकंदरांनी बुरख्याला हात लावला नव्हता. आता त्यांनी दोन बोटांनी निळा दोरा धरला. "म्हणजे तिथून पुढे ती उघड्या चेहऱ्यानं..."

"गाडीत घ्यावं कुणी, म्हणून."

कुणाच्या गाडीत, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. सिकंदर टेबलाकडे वळले. "पीला स्वेटर काटिए मत. पुल तक बुरका लिखिए, पुल के बाद पीला स्वेटर. दोनों लिखिए."

"एक लड़की का एक ही हुलिया होता है, साहब."

"दोनों लिखिए," सिकंदर म्हणाले.

दोन्ही लिहिलं गेलं. हरिदासनं जबाब दिला, पण ज्या बसनं तिला घेतलं नाही तिचा नंबर त्याला आठवत नाही. त्या बसमधली माणसं याच सोसायट्यांतली आहेत. नोटीस लावूनही कुणी पुढे आलेलं नाही. फाटकावरच्या त्या नोटिशीत लग्नातला फोटो आहे. बॅग, डबा, मोबाइल यांतलं काही मिळालेलं नाही. पुलानंतर पिवळा स्वेटर पाहिल्याचं कुणी सांगितलेलं नाही. कालव्याचं पाणी सोमवारी उतरवणार होते. धुक्यामुळे ते काम पुढे ढकललं आहे.