पाच बोटांची गोवरी

मी एक जुनी गोवरी आहे, मित्रांनो. म्हणजे होते. आता मी चिमूटभर राख आहे. चांदूर बाजारच्या अलीकडच्या एका गावात, एका गोठ्याच्या कोनाड्यात, कुंकवाच्या रिकाम्या डबीत राहते. डबीचं झाकण नीट लागत नाही, त्यामुळं बाहेरचं थोडं ऐकू येतं आणि मला सगळं आठवत राहतं.

तुमच्यातल्या कुणी गोवरी हातात धरली नसेल तर सांगते. गाईचं शेण, त्यात मूठभर भुसा. दोन्ही हातांनी मळायचं, गोळा करायचा आणि भिंतीवर थापायचा. थापणाऱ्या बाईचा पंजा त्यावर उमटतो. उन्हात वाळली की गोवरी हलकी होते, पण पंजा तसाच राहतो. माझ्यावर पाच बोटं होती. करंगळी जरा वाकडी. ती करंगळी गोदाबाईची.

माझी आई म्हणाल तर चांदी. पांढरी गाय, कपाळावर भुरा ठिपका. ज्या वर्षी आमच्याकडं गुराढोरांत लम्पी आला, त्या वर्षी चांदीच्या अंगावरही गाठी आल्या. तिनं बसकण मारली ती मारलीच. चारा नाही, पाणी नाही. गोदाबाई तिच्या मानेखाली हात घालून बसायची. तिचा नवरा पुंजाराम दारातून बघायचा.

"डाक्टर म्हनून राहिले, आता तिच्या मनावर हाय," तो म्हणाला.

"तिच्या मनावर हाय ना? मंग तुमी जा बरं तिथून. तिच्या मनाले तुमचं तोंड पाहून अजून घोर लागते."

पुंजाराम गेला. गोदाबाई चांदीच्या कानाशी वाकली आणि हळूच बोलली. "हे पाय माय, तू उठ. तू उठली तं याच वर्षी, तुह्याच शेणाच्या, माह्याच हातच्या गोवऱ्यांवर डोंगरावरच्या महादेवाले रोडगे करीन. आयकलं ना?"

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, आमच्याकडचा नवसाचा नैवेद्य. चांदीनं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ती अडखळत उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर गाय जे करते ते तिनं केलं. गोदाबाई रडत रडत हसली. तेच शेण तिनं ओंजळीत घेतलं, लेकराला घ्यावं तसं. ती मी. माझा जन्म असा झाला. ऐकून नाक मुरडू नका.

मला तिनं गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर थापलं. पुढं रोज दोन-चार बहिणी शेजारी येत गेल्या. त्या भिंतीवरून लांब सातपुड्याची निळी रेघ दिसायची. सकाळी ती नसायचीच, दुपारी हळूहळू उमटायची, संध्याकाळी पुन्हा विरघळायची. मी वाळत वाळत तिकडं बघायची. वाटायचं, तो डोंगर म्हणजे कुणीतरी आभाळावर थापलेली गोवरीच आहे. आपण तिथं जाणार. भाजीच्या टोपल्यात बसून, उंच, धुक्यात.

आम्ही वाळलो तसं गोदाबाईनं आम्हाला उतरवून गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळं रचलं आणि वरून खताची रिकामी पोती घातली. कुणाला काही बोलली नाही. नवस फेडेपर्यंत तो चारचौघांत बोलायचा नाही, अशी तिची रीत. गाईला माहीत आणि पुंजारामला माहीत, कारण तो दाराआडून ऐकत होता.

त्या पुंजारामानंच एक दिवस मला राशीतून काढलं. त्याची खाट एका पायात आखूड होती. वीट लावली तर उंच व्हायची, चपटा दगड लावला तर कमी पडायची. मी बरोबर बसले.

"नवसाची गोवरी खाटेखाली घालता?" गोदाबाई कडाडली.

"एकच तं हाय वो. त्या दिवशी काहाडून देतो ना. महादेव काय मोजाले बसला हाय?"

"तुमी पडा एकदा खाटेवरून, मंग मोजा तुमचेच हाडं."

बोलली, पण मला काढलं नाही. असं मी खाटेखाली गेले. बहिणींपासून दूर, डोंगर दिसेनासा झाला. खूप वाईट वाटलं. पुंजारामाच्या घोरण्यानं खाट हलायची आणि मला वाटायचं, बैलगाडीत बसून घाट चढतो आहोत. तेवढंच.

पडला मात्र पुंजाराम नाही, गोदाबाई पडली. डोंगरावरच्या महादेवाची यात्रा तोंडावर आलेली, भाजीचं क्रेट उचलताना ओल्या वाफ्यात पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. अमरावतीहून हात गळ्यात बांधून आली. प्लास्टर पांढरंशुभ्र, आत माझी वाकडी करंगळी. चिडचिड मात्र डबल.

घरात तिची सून होती, वर्षाली. लग्न होऊन वर्ष झालेलं, माहेर अकोल्यात, बोलायला पटपट, कामाला त्याहून पटपट. सासूचा खांदा आखडतो म्हणून ती पहाटे उठून अंगणातला बंब पेटवायची. गरम पाण्यानं शेकायची, न्हाऊ घालायची, केस विंचरून द्यायची. रोजच्या गोवऱ्या संपल्या, लाकडं दवानं ओली. मग तिनं गोठ्यात शोधलं. पोत्याखाली छान वाळलेली रास. तिला वाटलं, सासूनं हिवाळ्यासाठीच ठेवली असणार.

एकेक करून माझ्या बहिणी बंबात गेल्या. मी खाटेखालून धूर बघत होते. मला ओरडता येत नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी गोदाबाई डाव्या हातानं पोतं उचलायला गेली. पोत्याखाली नुसता भुगा.

"वर्षाली! अवं वर्षाली! इथल्या गोवऱ्या कुठं हायेत?"

"त्या? बंबात घातल्या, आत्याबाई. तुमच्याच पान्याले."

गोदाबाई मटकन खाली बसली. वर्षाली घाबरून जवळ आली. मग गोदाबाईनं तिला सगळं सांगितलं. नवस, चांदी, माह्याच हातच्या. गोदाबाईनं प्लास्टरकडं पाहिलं.

"याच वर्षी म्हनली होती मी. आता कोन्या हातानं थापू? अन चांदीले पुन्हा काही झालं तं?"

"मले एका शब्दानं सांगतलं असतं तं!" वर्षालीचा आवाज फुटला. "मले काय मालूम? मी तुमच्यासाठीच..." आणि ती रडायला लागली. सासूही रडायला लागली. दोघी एकमेकींकडं पाठ करून.

तेव्हा पुंजाराम खाकरला. उठला. खाट एका बाजूनं उचलली.

"एक हाय," तो म्हणाला. "मले शिव्या देल्या होत्या ना? आता आरती करा माही."

माझा एक कोपरा दबला होता. बाकी मी धड होते. गोदाबाईनं मला उलटून पाहिलं, आपल्या वाकड्या करंगळीवरून डावा अंगठा फिरवला. पण तोंड उतरलेलंच.

"एका गोवरीवर काय रोडगे होते? एक वांगं भाजत नाही."

वर्षालीनं नाक पुसलं. "आत्याबाई, तुमीच तं सांगत होत्या. पयले गावात माचिस नसे. एका घरची पेटती गोवरी घेऊन साऱ्या गल्लीच्या चुली पेटवत. बाकीच्या गोवऱ्या पायथ्याशी इकत भेटतात. विस्तव या गोवरीचा घेऊ."

"नवस म्हंजे लायटीचं कनेक्शन हाय का? एका तारेवरून सारे घरं?"

"मंग नका जाऊ! बसा चांदीजवळ रडत!"

गोदाबाईनं मान वर केली. सून असं बोलली हे तिला आवडलं की नाही ते कळलं नाही. पण रात्री कणिक, ओवा, तूप, वांगी, तुरीची डाळ सगळं बांधून झालं. वांगी तिनं मळ्यातली स्वतः निवडली. म्हणजे जायचं ठरलं होतं.

मित्रांनो, माझं स्वप्न खरं झालं. परतवाड्यापर्यंत गाडीत, मग चिखलदऱ्याच्या बाजूचा घाट. वळणावळणावर ऊन मागं राहत गेलं आणि सागाची पानं धुक्यात बुडत गेली. गाडी थांबली तिथून पुढं पायवाट. भिंतीवरून जी निळी रेघ दिसायची तिच्या पोटात मी शिरले होते, आणि आतून ती निळी नव्हतीच. ती ओली, पांढरी होती. तिला करवंदीच्या पाल्याचा वास होता. कुठंतरी वर घंटा वाजायची आणि आवाज कापसातून आल्यासारखा यायचा.

धुकं दवासारखं टपकायला लागलं. पुंजारामानं पायथ्याशी घेतलेल्या गोवऱ्यांचं पोतं डोक्यावर घेतलं होतं, ते ओलं झालं. वर्षालीनं अंगावरची शाल काढली, मला तिच्यात गुंडाळलं आणि पोटाशी धरलं. स्वतः कुडकुडत चढली. मला तिच्या छातीची धडधड ऐकू येत होती.

"शाल घे वो, आजारी पडशीन," गोदाबाई मागून म्हणाली.

"तुमी पायाखाली पाहा. दुसरा हात मोडला तं मले तुमाले घासही भरवा लागतीन."

गोदाबाई हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

वर महादेवाचा नुसता दगड. शेंदूर नाही, कळस नाही. बाजूला पन्नासेक चुली, सगळीकडं धूरच धूर. विकतच्या गोवऱ्या ओलावल्या होत्या, त्या धुपायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या, पेटायच्या नाहीत. शेजारच्या चुलीवरचा एक जण रॉकेल ओतत होता. पुंजारामानं तिकडं पाहिलं.

"नाई," गोदाबाई म्हणाली. "ते शाल सोड, वर्षाली."

वर्षालीनं मला मधोमध ठेवलं, पंजा वर. बाकीच्या माझ्याभोवती रचल्या. गोदाबाईनं डाव्या हातानं कापूर धरला. त्या हाताला सवय नव्हती, म्हणून वर्षालीनं तो खालून धरला. मी शालीच्या उबेनं कोरडी होते. पेटले.

दुखलं का म्हणाल, तर नाही. मी भुशाच्या एकेका काडीनं जागी होत गेले. मला गव्हाचं शेत आठवलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. माझी धग लागून शेजारचीचा ओलावा गेला, मग तिच्या पलीकडचीचा. निखारे झाले. रोडगे आत गेले. वांग्याची भाजी रटरटली. खरपूस वास धुक्यात अडकून बसला. शेजारचा रॉकेलवाला येऊन आमच्याकडून विस्तव घेऊन गेला, त्याच्याकडून आणखी कुणी.

जेवणं झाली. कुणी रोडगा फोडून तुपात बुडवला, कुणी तसाच खाल्ला. मग वर्षाली राख सारायला काठी घेऊन बसली आणि थबकली.

"आत्याबाई, इकडं या. पाहा."

मी मधोमध होते. पूर्ण जळलेली, पण कुणी न हलवल्यानं जशीच्या तशी. पांढरीशुभ्र. आणि माझ्यावर पाच बोटं. वाकडी करंगळीसुद्धा.

गोदाबाई बघत राहिली. गळ्यात अडकवलेला हात प्लास्टरमध्ये होता, आणि हा एक देवापुढं उघडा पडलेला. मोडलेला नव्हता.

"पोहचला वो माहा हात," ती म्हणाली. एवढंच.

मग तिनं वर्षालीला बोट लावायला सांगितलं. बोट लागलं तशी मी ढासळले. त्यातली चिमूटभर पदरात बांधून खाली आणली. तीच मी. घरी आल्या आल्या वर्षालीनं ती चांदीच्या कपाळावर लावली, बरोबर भुऱ्या ठिपक्यावर. चांदीनं जीभ काढून तिचा हात चाटला. उरलेली मी या डबीत आले.

आता रोज सकाळी झाकणाच्या फटीतून मला उत्तरेच्या भिंतीवरची थापाथाप ऐकू येते. गोदाबाईचं प्लास्टर निघालं, पण थापायचं काम वर्षालीच करते. गोदाबाई खाटेवर बसून नावं ठेवते.

"जाड झाली. रोडगा काय कच्चा ठेवतं?"

"मंग या ना तुमी!"

"येतो. सर बाजूले."

आणि दोघींचे पंजे भिंतीवर शेजारी शेजारी उमटतात. खाट अजून डुगडुगते. पुंजाराम तिथं दुसरी गोवरी घालायला धजत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. तुमच्या घरात कोपऱ्यात काही झाकून ठेवलेलं असेल तर ते चुलीत घालण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुम्हीच काही झाकून ठेवलं असेल, तर घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. नुसतं गाईला सांगून भागत नाही.