अनोळखी सेन्सर

ताईच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर नवीन ड्रायव्हर टाकून आल्यापासून धाकट्याला चैन पडत नव्हतं. दातांचा एक्स-रे काढणारा सेन्सर आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा तो प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. अनोळखी सेन्सर दिसला, तर त्याला जवळच्या जुन्या मॉडेलसारखंच वागवायचं, अशी सोय त्याने त्यात केली होती. गिऱ्हाईक अडायला नको, एवढाच विचार.

न राहवून त्याने फोन लावला.

"झकास चालतंय रे," ताई म्हणाली. "आज नवा सेन्सर आणलाय, तोही चालला. बाबा खुर्चीतच आहेत. मागची दाढ किडलीय, काढतेच आता."

"पुढची दुखतेय!" बाबांचा आवाज आला. "डॉक्टरीणबाई ऐकतील तर शपथ!"

"बाबा, दुखणं फसवतं. फोटो फसवत नाही."

नव्या सेन्सरची धाकट्याला काडीचीही माहिती नव्हती. "ताई, थांब! तो फोटो नुसत्या अंदाजाने आलाय. उलटा येऊन मागचं पुढे झालं असेल. जुना सेन्सर लावून बघ."

पलीकडे खुडबुड चालली होती. तो फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिला.

"पुढचीच आहे," ताई हळूच म्हणाली. मग आवाज चढवून, "अरे गाढवा, माहीत नव्हतं तर तसं सांगायचं ना तुझ्या प्रोग्रामने!"

फोन न ठेवताच तो कॉम्प्युटरपुढे बसला. अंदाजाची ओळ खोडून त्याने लिहिलं: 'हा सेन्सर ओळखीचा नाही. फोटो काढता येणार नाही. बाकीचं काम चालू ठेवा.'

"आता तरी काढतेस," बाबा ओरडले, "का मीच ओढू?"