दोनदा दाबलेलं बटण

प्रार्थना चालू असते तेव्हा आमच्या मंडळीत दोघांचेच डोळे उघडे असतात. पाळकांचे अर्धे आणि माझे पूर्ण. मला त्यांच्या डाव्या हाताकडे बघावं लागतं. हात छातीशी असला की हळू वाजवायचं, हात खांद्याच्या वर गेला की कीबोर्डवरचं बटण एकदा दाबून पट्टी अर्ध्या सुराने चढवायची. पट्टी चढली की लोकांचे हात वर जातात, मागच्या रांगेतून हुंदका येतो, कुणीतरी "प्रभू, प्रभू" म्हणायला लागतं. बावीस वर्षं मी हे करतेय. आठवडाभर लाँड्रीच्या काउंटरवर बसून लोकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या टाचायच्या आणि रविवारी त्याच लोकांना रडवायचं. लोक म्हणतात, हिच्या बोटांत पवित्र आत्मा आहे. आत्मा कसला डोंबलाचा! बोटांत सराव आहे. मी स्वतः शेवटची प्रार्थना कधी केली ते मला आठवत नाही, कारण सगळे प्रार्थनेत असतात तेव्हा मी कामावर असते.

ताईला हे सगळं ठाऊक असणार, असं मी धरून चालले होते. एका घरात राहून तिला कळलं नसेल कसं?

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझी वेणी तिने घातली. मला शिकवणीला सोडून ती बाहेर बाकावर विणत बसायची. या सगळ्यात तिचं लग्नाचं वय निघून गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही. आम्ही दोघीच राहायचो. तीन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. हातात दोन जाड सुया घालून चार-चार तास खुर्चीत. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. एकदा म्हणाली, "मी आता माणूस राहिले नाही ग, कुंडीतलं रोप झाले. आज किती पाणी घालायचं ते दुसरेच ठरवतात." आम्ही पोट धरून हसलो होतो.

तर त्या रविवारी पाळकांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. ताई आजवर कधी गेली नव्हती, त्या दिवशी गेली. पुढच्या खुर्चीत बसली, पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्या वेळी काय करत होते सांगू? आभाळ भरून आलंय आणि गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, हा विचार. पाळकांचा हात वर गेला, मी बटण दाबलं आणि बोट घसरलं. दोनदा दाबलं गेलं. अर्ध्या सुराऐवजी पट्टी पूर्ण सुराने वर गेली. गाणाऱ्यांचे आवाज ताणले गेले, अख्ख्या सभागृहाने दचकून श्वास घेतला, आणि ताई ताडकन उभी राहिली. "गेलं!" ती ओरडली. "अंगातून काहीतरी निघून गेलं माझ्या!"

लोक टाळ्या वाजवत होते, रडत होते. पाळकही रडले. मी वाजवत राहिले, कारण चुकलं तरी थांबायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम.

मंगळवारी सकाळी तिचा डबा आणि शाल घेऊन मी दारात उभी, आणि बाईसाहेब निवांत भांडी घासतायत.

"ताई, आटप. उशीर होतोय."

"मी नाही येत. बरं झालेल्या माणसाने मशीनला जाऊन काय बसायचं? म्हणजे देवालाच खोटं पाडायचं की!"

मी आधी हसले, मग चिडले, मग हातापाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हटलं, "ये इकडे. हे ऐक. हे बटण एकदा दाबलं. आता हे दोनदा. तुझ्या अंगावर काटा आला तो यामुळे. माझं बोट घसरलं, ताई. देव नव्हता तिथे, मी होते. आणि मी चादरींचा विचार करत होते!"

ताईने हात पुसले. "परत वाजव," म्हणाली. मी वाजवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बावीस वर्षांत किती वेळा घसरलं बोट?"

"कधीच नाही."

"आणि नेमकं माझ्या वेळी घसरलं?" तिने माझ्या गालावरून ओला हात फिरवला. "वेडाबाई. घसरलं तुझं, घसरवलं त्याने."

मी तशीच पाळकांकडे गेले. ते सभागृहात मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होते.

"मी तिला दोनदा सांगितलं, उपचार सोडू नकोस," ते म्हणाले. "ती मलाच म्हणते, तुमचा विश्वास कमी पडतोय."

"मग रविवारी सगळ्यांसमोर सांगा, बटण माझ्याकडून चुकून दोनदा दाबलं गेलं म्हणून."

त्यांनी खुर्चीचा स्क्रू आवळला. मग म्हणाले, "आणि बाकीचे बरे झाले तेव्हा कुणाची चूक होती, असं कुणी विचारलं तर?"

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. पण मला तरी कुणी अडवलं होतं? तोंड मलाही होतं. पुढच्या रविवारी ताई आपण बऱ्या झाल्याची साक्ष द्यायला सगळ्यांसमोर उभी राहिली. पाय इतके सुजले होते की माझ्या सपाता घालून आली होती. दोन वाक्यं बोलून दम खायची. लोक म्हणाले, चेहऱ्यावर काय तेज आलंय! तेज कसलं, सूज होती ती. आणि मी, तिची सख्खी बहीण, ती बोलत असताना मागे हळू आवाजात वाजवत होते. लाज वाटते मला. उठून एक वाक्य बोलायचं होतं.

सोमवारी ती न्हाणीघरात कोसळली. रुग्णालयात नेलं. मशीन लावली की रक्तदाब खाली जायचा, काढली की श्वास अडकायचा. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हृदय दमलंय. दोन-तीन दिवस काढतील. आठवडाभर आधी आणायला काय झालं होतं?" मी म्हटलं, चूक झाली.

ती दोन दिवस होती. पहिल्या दुपारी शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक जेवायला गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"एक विचारू? खरं सांग हं. बोट खरंच घसरलं होतं का ग?"

आठवडाभर या एका प्रश्नासाठी मी जीव टाकला होता. एवढंच विचार, म्हणून तिच्यापुढे हात जोडले होते. आणि आता तिचे ओठ निळे पडले होते, ती माझी बाही घट्ट धरून होती. हो म्हणावं तर ती एका बटणापायी मरत होती. एवढं कसं सांगू?

"नाही ग," मी म्हटलं. "तू ऐकत नव्हतीस म्हणून रागाच्या भरात बोलले. देवानेच केलं ते."

बावीस वर्षांत देवाच्या बाजूने माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, चला, निदान शांत झाली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"त्याने दिलं होतं ना मला?" ती म्हणाली. "मग परत का घेतलं? मी काय केलं?"

"काही नाही केलंस तू, ताई."

"काहीतरी असणारच. उगाच नाही तो घेत."

आणि ती शोधायला लागली. ते दोन्ही दिवस शुद्ध असेल तेवढा वेळ शोधत राहिली. आईला एकदा उलट बोलले होते, ते असेल का? शेजारणीची छत्री आणली ती दिलीच नाही, ते असेल? मी नाही म्हणायचे, ती मान हलवायची आणि आणखी मागे जायची. तिला देवाकडून काढून आणायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. खरं एकदा सांगून झालं होतं, खोटंही सांगून झालं होतं.

शेवटचं बोलली ते असं. "तू लहान होतीस. तुझ्या वाटणीचं दूध मी प्यायले आणि सांगितलं, मांजर प्यायलं. तू किती रडलीस. ते असेल का ग?"

"अग, ते मी कधीच माफ केलं!"

"तू केलंस ग," ताई म्हणाली.