आत्मारामशेठच्या कातळावरची नव्वद कलमं

आत्मारामशेठच्या कातळावर यंदा पहिल्यांदा आंबा धरला आणि सगळ्या गावाला कळलं, की तिथली नव्वदच्या नव्वद कलमं पायरीची आहेत. लावली होती हापूस म्हणून. सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणली, टँकरने पाणी घातलं, सहा वर्षं पोरासारखी वाढवली, आणि फळ आलं ते हापूसला कधी नसते ती चोच काढून. पायरी रसाला उत्तम, हे मलाही कळतं. पण हापूसची बाग लावणाऱ्याच्या तोंडाला ती कडूच लागणार.

दोष वेदिकावर आला. ती कलमं वेदिकाने केली, हे सगळ्यांना माहीत होतं. मीच ते सांगितलं होतं.

मी धोंडू. आरे-वारेच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे, चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधतो. कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खाच द्यायची, चांगल्या झाडाची काडी तीत बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. सांगायला एवढंच काम. पण शंभरातली ऐंशी जगवणारी माणसं आमच्या भागात किती, हे कुणालाही विचारा.

वेदिका माझ्याकडे आली ती रत्नागिरीचं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडून. तिचा बाप भागोजी, एस.टी.त कंडक्टर. तो माझ्या दारात येऊन ओरडला, "हिला हापिसात बसलेली बगायची हाय मला, आणि तू चिखलात बसवतंस?" पोरगी मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, वाडीतली तिघं पदवी घेऊन घरात बसलीयत. माज्या हाताला काम येतंय, तर शिकू दे ना." भागोजी वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. ती मात्र रोज आठाच्या ठोक्याला हजर.

माझा एक नियम होता. शिकणाऱ्याने बांधायचं, काडी मी काढायची. बांधणी चुकली तर रोप महिन्याभरात मरतं आणि कळतं. काडी चुकली तर फळ येईपर्यंत काही कळत नाही. म्हणून ज्याला मी काडी काढायला सांगितली, तो कलमवाला झाला, असं आमच्याकडे मानतात.

शेठची ही कलमं बांधली त्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कुणाला सांगितलं नव्हतं. कलमवाल्याचे डोळे गेले, ही बातमी मी कशाला पसरवू? माझ्या जुन्या हापूसशेजारी पायरी आहे, दोघांच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या. काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं खुडून ठेवावी लागतात, म्हणजे तिच्या टोकाचा कोंब फुगतो. मी ती खुडली आणि नंतर त्याच एका बाजूच्या फांद्यांवरून काड्या काढल्या. बिनपानांच्या काड्या हातात घेतल्या की सगळ्या सारख्याच. वेदिकाने दोन दिवसांत सगळी बांधणी केली.

श्रावणात पालवी आली. ती कुंड्यांपाशी बराच वेळ बसली आणि मग माझ्याकडे आली. "काका, ह्यांची पानं येगळी दिसतायत ओ."

"दोन पावसाळे काढलेस नि मला हापूस शिकवतंस?" मी चार माणसांत तिला झापलं. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

पुढच्या जूनमध्ये आत्मारामशेठ टेंपो घेऊन आले. भागोजीही ड्यूटी संपवून तिथे आला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेठ, काडीपासून बांधणीपर्यंत सगळं पोरीनेच केलंय. माजा हात नाय लागला." वेदिकाने चमकून माझ्याकडे पाहिलं. भागोजीने त्याच संध्याकाळी वाडीत पेढे वाटले. दोन वर्षांत तिची स्वतःची रोपवाटिका उभी राहिली, लोक गुहागरपासून येऊ लागले.

आणि आता हे. ज्यांनी तिच्याकडून कलमं नेली, ते सगळे घाबरले. यंदाची मागणी एकेकाने मागे घेतली. टपरीवर एक जण म्हणाला, "पोरीच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार?" मी चहा पीत होतो, पीत राहिलो. शेठनी तिला माझ्यासमोर विचारलं, "काडी कोणी काढली होती?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो.

"काकांनी तवाच सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "मीच."

भागोजीने नवी मुंबईत ओळखीने तिला एका गोदामात लावून दिलं. खोकी भरायची, चिकटपट्टी लावायची. ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी सांगतो शेठला," मी म्हणालो.

"कदी?"

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे काका. तुमाला दिसत नव्हतं, त्ये मला कळलेलं. तुमी माज्यासाठी खोटं बोललात. माजं नाव व्हावं म्हणून. दुसरं कोण बोललं असतं?" आणि ती माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला.

खरं इथे सांगतो, कारण तिथे जमलं नाही. तिला झापलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती यायच्या आत, मी श्रावणातल्या उन्हात एक पान डोळ्याला चिकटवून बघितलं होतं. मग दुसरं बघितलं. मग दहा. सगळी पायरी. पुढचे दहा महिने मला ठाऊक होतं, आणि टेंपो दारात उभा राहिला तेव्हा मी त्या नव्वद कलमांना तिचं नाव लावून दिलं.