सोमवारचा ढकलगाडा

मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. नाव ऐकून हसू नका! नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या कॉलेजच्या सरावाच्या मैदानावर माझा मुक्काम असतो. लोखंडी सांगाडा, खाली दोन घसरपट्ट्या आणि पुढे जाड गाद्या लावलेल्या पाच फळ्या, एवढाच माझा संसार. आमच्या फुटबॉलमध्ये एकजण चेंडू छातीशी धरून मैदानाच्या टोकाच्या रेषेपार गुण मिळवायला पळतो आणि धिप्पाड गडी त्याला वाट करून देण्यासाठी समोरच्यांना खांद्याने रेटतात. ते रेटणं मुलं माझ्यावर शिकतात. प्रशिक्षक हॅल्व्हर माझ्या पाठीवर उभे राहून ओरडतात, "खांदा खाली! अरे, पाळणा झुलवताय का?"

नवा होतो तेव्हा मी लालभडक होतो. संघ जिंकायचा, मुलं माझ्या गळ्यात पडून फोटो काढायची. सामना मात्र मी कधी पाहिलेला नाही. शनिवारी काय झालं ते मला सोमवारी खांद्यांवरून कळतं. जिंकलेला खांदा धाडकन आदळतो. हरलेला नुसता टेकतो.

यंदाचे सगळे सोमवार टेकण्यातच गेले. एकही सामना जिंकला नाही. माझी गादी फाटली, पट्टी गंजली, पण कुणी ढुंकून बघेना. मुलं स्वतःचीच टिंगल करायची.

"या शनिवारी कुठे हरायचंय रे?" रॉली विचारायचा.

"घरच्याच मैदानावर. बसचा प्रवास तरी वाचला!"

एमेट मात्र हसायचा नाही. आधीची वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून काढलेली, आणि हे शेवटचं. यानंतर वडिलांच्या गोठ्यावर परतायचं, पुन्हा खेळणं नाही. "कोच, मी खेळलेला एक तरी सामना जिंकायचाय मला," असं म्हणायचा. ऐकून मला फार वाईट वाटायचं.

शेवटचा सामनाही गेला. मोसम संपला म्हणून त्या सोमवारी सराव नव्हता. माझ्यावर बर्फ साचत होता. एवढ्यात बूट वाजले. एमेट एकटाच आला, हाताने बर्फ झाडला आणि मधल्या फळीवर आदळला. धाडकन! मी दचकलोच.

मागून हॅल्व्हर आले. "सराव संपला, एमेट."

"एका पावलाने राहिलो आपण, कोच. रेषा समोर होती. मी अडवायचा तो गडी माझ्याच हातून सुटला."

हॅल्व्हर जवळ आले. मग माझ्या पाठीवर चढले. "मग खांदा खाली ठेव. पाळणा झुलवतोयस का?"

रोज मुलं मला अर्ध्या मैदानातून माघारी वळवतात. एमेटने वळवलं नाही. माझी पट्टी करकरत होती. तो गुडघ्यांवर कोसळला, एक शिवी हासडली, पुन्हा भिडला. टोकाच्या रेषेच्या कोपऱ्यातली नारिंगी खूण मागे पडली, तेव्हा मला कळलं, बर्फाखालची रेषा आम्ही ओलांडली होती.

हॅल्व्हर उतरले. "याचे गुण कुणी देणार नाही, पोरा."

"माहितेय," एमेट म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग दोघं घरी गेले.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, गादी शिवा. हरलेल्या संघाचा म्हणून मला भंगारात काढू नका. आणि एक ऐका. हात नाहीत मला, तरी जोडले असं समजा. नवी मुलं येईपर्यंत मला या रेषेमागे ओढू नका. मला इथवर कुणीतरी आणलंय.