मिरच्यांचा धूर

"बघितलंस न्हवं? तुझी चप्पल दारात वाजली की पोरगी कॉटखाली. आता तूच सांग की, तुझी नजर बरी हाय म्हणून कसं म्हणायचं?"

आक्कानं हे निशाला तोंडावर विचारलं. निशा उंबऱ्यावर बसून राहिली. मी भिंतीपलीकडचा शेजारी, अण्णासो. मंगळवार पेठेत आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली, त्यामुळं तिकडची शिंकसुद्धा माझ्या वाटणीला येते.

निशा दवाखान्यात भाजलेल्या पोरांच्या वॉर्डात काम करते. सुट्टीदिवशी घरी गेलेल्या पोरांना बघत फिरते. बायका जमवून गॅसची नळी कधी बदलायची, कढईतल्या तेलानं पेट घेतला तर काय करायचं, तेही दाखवते. फुकट. फुकट म्हटल्यावर कोल्हापुरात कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? आधी मी कट्ट्यावर कंडी पिकवली, की बाई सीआयडीची आहे. मग तिला नळ्या विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लावली. पेठेत फिरून ती बातमी माझ्याकडंच परत आली, तेव्हा मलाही खरी वाटायला लागली.

निशिगंधा ही आक्काची नात. दिवाळीत चकल्यांचं तेल तिच्या मानेवर सांडलं. जखम भरली, पण कातडी आवळायला लागलेली. रोज चोळून मान ताणली नाही तर हनुवटी छातीला ओढली जाईल, हे निशा सांगून सांगून थकली. पोरगी मात्र तिला हात लावू देईना.

त्या दिवशी आक्काच्या उंबऱ्यावरून उठून निशा माझ्या दारात आली. "अण्णा, खरं सांगा. त्या घरात पोरीला कोण मारतंय?"

म्हणजे संशय तिलाही होता तर. मला जरा बरंच वाटलं.

"मारत कोण न्हाय," मी म्हणालो. "पण तू येऊन गेलीस की मला ठसका लागतोय बघ. आक्का मिरच्या जाळती. तुझी नजर काढायला."

पेठेत माझ्या बातम्या फिरतात, पण माझ्या शब्दाला कुत्रं विचारत नाही. तिनं मात्र तो उचलला. आल्या पावली मागं फिरली. मीही निघालो, असली संधी कोण सोडतंय.

आक्कानं घमेल्यात निखारे फुलवले होते. निशिगंधाला पाटावर बसवून मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळत ती पुटपुटत होती. निखारा तडकला की पोरगी डोळे गच्च मिटून खांदे कानांपर्यंत न्यायची. निशा आली की मागून विस्तव येतो, एवढं त्या जिवाला पाठ झालेलं.

आता भांडण जुंपणार म्हणून मी दाराला टेकलो. पण निशानं पोरीला उठवून लांब भिंतीशी उभं केलं आणि पाटावर स्वतः बसली.

"आक्का, नजर माझी हाय न्हवं? मग माझ्यावरनंच उतरवा."

आक्का घुटमळली. ही बाई बुद्धाची, असलं काही मानत नाही, हे तिला ठाऊक होतं. यात काहीतरी डाव असणार. तरी तिनं मूठ ओवाळली आणि निखाऱ्यांवर टाकली. असा धूर उठला, की पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशीही शिंकल्या असतील. आम्ही तिघं खोकून वाकलो. पोरगी भिंतीला चिकटली.

निशानं डोळे पुसले. दारातली कुंडी ओढून निशिगंधापुढं ठेवली. "हे आता तू विझवायचं. हितनंच माती टाक. जवळ जायाचं न्हाय."

पोरीनं बराच वेळ नुसतं बघितलं. पहिली मूठ वाटेतच सांडली. दुसरी काठावर पडली, एक निखारा काळा झाला. मग ती थांबेना. निशानं हळूच तिच्या मानेवर बोटं ठेवली, पण पोरीचं ध्यान घमेल्यात होतं. ती हलली नाही. बोटं फिरत राहिली, माती पडत राहिली.

विस्तव केव्हाच मेला होता. कुंडी रिकामी झाली, तशी पोरगी इकडंतिकडं बघायला लागली. निशाची बोटं अजून मानेवरच होती. आक्का उठून मागच्या परड्यात गेली. पदरात माती घेऊन आली, आणि पोरीच्या हाताशी ओतली.