पिवळ्या चेहऱ्यावरचा बाण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तक्ता आहे. लाकडी म्हणायचं आपलं, खरं तर प्लायवूडचा. सायकलच्या दुकानाची पाटी रंगवताना एक अक्षर चुकलं आणि तुकडा बाजूला पडला. त्याचाच मी झालो. माझ्या पाठीवर अजून ‘पंक्चर काढून मिळ’ इथपर्यंत वाचता येतं. पुढच्या बाजूला मात्र चार चेहरे आहेत : पिवळा आनंदाचा, निळा दुःखाचा, लाल रागाचा आणि राखाडी भीतीचा. मधोमध पत्र्याचा एक बाण स्क्रूवर फिरतो. निळा चेहरा रंगवणाऱ्याला फारसा जमला नाही, तो सर्दी झालेल्या माणसासारखा दिसतो. पण ज्यांच्यासाठी मला बनवलं, त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

मला बनवणारा दादा तेव्हा पाट्या रंगवत असे. आईवडिलांच्या मागे घरात तो आणि त्याची धाकटी बहीण, दोघंच. बहिणीला लहानपणापासून चिमणी म्हणत. ती एकतीस वर्षांची झाली, अंगापिंडाने थोराड झाली, दादापेक्षा तिच्या मनगटात जोर जास्त, तरी नाव तेच राहिलं. चिमणीची बुद्धी सावकाश चालणारी. बोलणं मोजकं. मनात काय चाललंय ते तिला सांगता येत नसे आणि मग ते हातातून बाहेर पडे. तिच्यासारखी अठरा मोठी माणसं एका कार्यशाळेत पुठ्ठ्याच्या फायली बनवत. तिथल्या बाईंनी दादाला माझं चित्र कागदावर काढून दिलं आणि दादाने मला दोन दिवसांत तयार केलं.

बाईंची रीत साधी होती. सकाळी आल्या आल्या त्या आधी स्वतः बाण फिरवत. “बस चुकली माझी. राग आलाय मला,” असं म्हणून बाण लाल चेहऱ्यावर ठेवत, पाणी पीत आणि कामाला लागत. मग एकेक जण यायचा. कुणी कुठलाही चेहरा दाखवो, बाई सगळ्यांना एकच म्हणत, “बरं. कळलं मला.” लाल दाखवणाऱ्याने खिडकीपाशी बसून पुठ्ठ्याची कात्रणं हवी तेवढी फाडायची, कुणी हटकायचं नाही.

चिमणीला हे जमायला चौदा महिने लागले. आधी ती मारायची आणि मग बाण फिरवायची. पुढे पुढे हात उगारून थांबायची. एक दिवस मास्तरने तिचा फायलींचा गठ्ठा विस्कटला. मास्तर म्हणजे खिशाला चार पेनं लावून फिरणारा तिच्याच बाकावरचा चाळिशीचा गडी, इतरांच्या चुका काढण्याचा त्याला भारी सोस. चिमणी उठली, तरातरा माझ्यापाशी आली, बाण लाल चेहऱ्यावर आपटला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मास्तरला तिने बोटही लावलं नाही. त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर आपण जन्माला आल्याचं सार्थक वाटलं.

मग बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्या. मनाने चांगल्या होत्या हो, उगाच कशाला खोटं बोलू? सगळ्यांनी आनंदात राहावं असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून कुणी पिवळा चेहरा दाखवला की त्या टाळ्या वाजवत. “अरे वा! शाब्बास!” कुणी लाल दाखवला की म्हणत, “असं नाही करायचं. हसरा दाखव बघू.”

मित्रांनो, या माणसांना हिशोब शिकायला वर्षं लागतात, पण समोरच्याला काय आवडतं ते ती चटकन ओळखतात. महिन्याभरात अठराच्या अठरा जण पिवळ्यावर आले. व्यवस्थापक पाहुण्यांना माझ्यापाशी आणून सांगत, “आमच्याकडे सगळे कसे खुशीत असतात बघा.” माझे फोटो निघाले. मीही फुशारलो. दादा घरी विचारायचा, “आज कुठला गं?” चिमणी म्हणायची, “पिवळा,” आणि तो तिच्या पाठीवर थाप द्यायचा. कुणाला शंका आली नाही. मला यायला हवी होती, कारण बाण नेण्याआधी ती दर वेळी मॅडमच्या हातांकडे बघत असे.

एकदा तिने एकाला ढकललं. शेवटची ताकीद मिळाली. पुन्हा हात उगारला तर नाव कमी होणार होतं. आसपास अशी दुसरी एकच जागा होती आणि तिथे प्रवेश बंद होता.

त्यानंतर काही दिवसांनी तिचा डावा गाल सुजू लागला. डबा तसाच परत जाई. घरी दादाला वाटलं, थंड हवेने सुजलं असेल. तिला विचारलं तर म्हणे, “पिवळा.” अकरा दिवस ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहिली, सुजल्या गालाने बाण पिवळ्यावर नेला आणि टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या पडल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. पण प्लायवूडला कुठलं तोंड? चार चेहरे असून एकही आवाज नाही.

बाराव्या दिवशी मास्तरने गंमत म्हणून तिच्या गालाला पेन टोचलं. चिमणीने हातातलं लोखंडी पंचिंग मशीन त्याच्या कपाळावर मारलं. सात टाके पडले.

दादा आला तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी होती. व्यवस्थापक म्हणाले, “मास्तरची आई बाहेर रडत बसलीय. तिला मी काय सांगू? सोमवारपासून हिला पाठवू नका.”

“साहेब, मी नऊ तास कामावर असतो. हिला कुठे ठेवू?” दादाने हात जोडले.

“माझ्या हातात नाही आता.”

दादाने चिमणीला माझ्यापुढे आणलं. “चिमे, काय होतंय गं तुला? दाखव ना.” तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिने बाण धरला आणि पिवळ्यावर नेला. मग दादाच्या हातांकडे पाहू लागली, ते टाळ्या वाजवतील म्हणून.

मॅडमनी तोंडावर हात धरला. मग दादाने बाण राखाडी चेहऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, “मला भीती वाटतेय. खूप.” चिमणी त्याच्याकडे बघत राहिली. दादाला कुणी रागावलं नाही. तेव्हा तिने बाण हळूहळू निळ्यावर आणला, तोंड उघडलं आणि मागच्या दाढेवर बोट ठेवलं.

दाढ त्याच संध्याकाळी काढली. आत पू झाला होता. दादा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तीनदा कार्यशाळेत गेला, मॅडमही त्याच्या बाजूने बोलल्या, पण नाव कमी झालं ते झालंच. मॅडमनी मला भिंतीवरून काढून दादाच्या हातात दिलं.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलो आहे. हाताने रंगवलेल्या पाट्या कुणी मागत नाही, म्हणून दादा एका गोदामात खोकी बांधायला जातो. चिमणीपाशी बसायला कुणी मिळालं नाही. सकाळी नऊला तो बाहेरून कुलूप लावतो, ते लावताना किल्ली किती वेळ खुळखुळत राहते ते मला आतून ऐकू येतं. शेजारच्या काकू दुपारी खिडकीतून एक हाक मारून जातात.

चिमणी आता खरं सांगते, मित्रांनो. बाण दिवसभर फिरत असतो, राखाडीवर, लालवर, पुन्हा राखाडीवर. दादाने गोदामातून आणलेली कात्रणं संपली की ती स्वतःच्या ओढणीचा काठ फाडते. ती माझ्याकडे पाहते आणि थांबते. “बरं. कळलं मला,” एवढे तीन शब्द कुणीतरी म्हणावेत म्हणून थांबते. आणि संध्याकाळी कुलूप वाजलं की धावत येऊन बाण पिवळ्यावर नेते, कारण दादा आलेला असतो. तो आनंदही खराच असतो. दादा थकलेला असतो, पिवळा बघतो आणि त्याला वाटतं की दिवस बरा गेला.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर नुसता संध्याकाळचा बाण पाहू नका. दिवसभर तो कुठे होता ते विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या. जमलं तर दुपारी तासभर जाऊन बसा. माझी एवढीच विनवणी आहे.

आत्ता दुपारचा दीड वाजला आहे. बाण राखाडीवर आहे. कुलूप सहाला उघडेल.